रोन्दोनियातला धूर आणि सरकत्या तारखा

शनिवार, पोर्तो वेल्यो

दुपारचं विमान रात्री सुटलं. ब्राझिलियाच्या विमानतळावर फलकावर एकच कारण झळकत होतं: पोर्तो वेल्योत धूर, धावपट्टी दिसत नाही. 2024 च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता आणि रोन्दोनिया राज्य पेटलेलं होतं. उतरताना खाली शहराचे दिवे दिसलेच नाहीत. दार उघडलं तसा वास आला. आमच्याकडे उसाचा फड पेटवल्यावर येतो तसाच, पण त्यात ओल्या लाकडाचा कडवटपणा मिसळलेला. शिडी उतरेपर्यंत डोळे चुरचुरायला लागले.

मी मूळची औसा तालुक्यातली, घरची शेती सोयाबीनची. नोकरी साव पावलोत, तीही शेतमालाच्या बाजारभावांची. ब्राझीलचं पीक किती आलं, पेरा किती वाढला, याचे आकडे मी रोज पाहते. त्या आकड्यांखालची जमीन कुठून येते, हे स्वतः जाऊन बघायचं बरेच दिवस मनात होतं. सोबत ऑफिसातली मैत्रीण होती. ती रोन्दोनियाचीच. तिचे वडील 1983 मध्ये दक्षिणेतल्या पारानाहून बायकोमुलांसह ट्रकमधून इकडे आले. तिच्यामुळेच घराघरांत जाता आलं. नाहीतर इथं अनोळखी माणसाने जमिनीबद्दल विचारलं की लोक गप्प होतात.

रविवार, पोर्तो वेल्यो

सकाळी मदेइरा नदीवर गेलो. ॲमेझॉनची ही सगळ्यांत मोठ्या उपनद्यांपैकी एक, पण पात्रात वाळूची बेटं उघडी पडली होती. होड्या काठापासून लांब, चिखलाच्या उतरंडीखाली. काही दिवसांतच, सप्टेंबरमध्ये, इथली पातळी 1967 मध्ये मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला पोचली. पैलतीर धुरात दिसत नव्हता. जुन्या रेल्वेचं आवार काठावरच आहे. रबराच्या व्यापारासाठी 1907 ते 1912 या काळात जंगलातून बांधलेली मदेइरा-मामोरे रेल्वे. मलेरियाने हजारो मजूर मेले. रूळ पुरे झाले तेव्हाच आशियातल्या मळ्यांमुळे रबराचा भाव कोसळला. या भागात बाहेरच्यांनी आखलेली ही पहिली मोठी योजना.

आताची योजना नदीकाठीच जरा पुढे दिसते: धान्याची गोदामं आणि सोयाबीन भरणारे बार्ज. शेजारच्या मातो ग्रोसो राज्यातून ट्रक येतात, इथं माल नदीत उतरतो आणि इताकोआतियारा बंदरातून समुद्राकडे निघतो. 1997 पासून हा मार्ग चालू आहे. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यातलं सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडतो तेव्हा आम्ही आयातीवर चिडतो. ही आयात जिथून निघते त्या वाटेवर मी पहिल्यांदाच उभी होते.

दुपारी एका कार्यकर्तीकडे गेलो. तिला धमक्या येतात, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला आणि कारिपुना लोकांच्या प्रदेशाचा नकाशा दाखवला. 1998 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने कायम झालेली, सुमारे 1 लाख 53 हजार हेक्टरांची जमीन. 1970 च्या दशकात बाहेरच्या जगाशी संपर्क आला, मागोमाग रोग आले आणि कारिपुना अवघे आठ उरले. आज ते साठेक आहेत. साठ माणसांनी एवढं जंगल राखायचं आणि चहूबाजूंनी आरायंत्रं.

नकाशावर हिरव्या प्रदेशात नेटके चौकोन आखलेले होते. मला वाटलं जुने भूखंड असतील. ती म्हणाली, "हे कारचे दाखले." कार म्हणजे ग्रामीण पर्यावरण नोंदणी. 2012 च्या वनकायद्याने ती प्रत्येक शेतमालकाला सक्तीची झाली. आपल्या ई-पीक पाहणीसारखी, स्वतःची माहिती स्वतः भरायची. हेतू चांगला होता: कुणाच्या जमिनीवर किती जंगल आहे, हे सरकारला कळावं. पण पडताळणी राज्य सरकारने नंतर करायची, आणि ते 'नंतर' वर्षानुवर्षं येत नाही. तेवढ्यात कुणीही घरी बसून दुसऱ्याच्या जंगलावर चौकोन काढतो, पावती छापून घेतो आणि ती पावती दाखवून जमीन विकतो. कायद्याने या पावतीला मालकीच्या बाबतीत काडीची किंमत नाही, तरी बाजारात ती चालते. तलाठ्याची सही नाही, मोजणी नाही, फेरफार नाही, आणि चौथ्या हाताला विकली गेली की घेणारा छातीठोकपणे सांगतो, मी पैसे मोजून घेतली आहे.

2024 च्याच जून-जुलैत केंद्र सरकारने कारिपुना प्रदेशातून घुसखोर हटवायची मोहीम काढली होती. लोकांना हायसं वाटलं. कार्यकर्तीला मात्र धास्ती होती ती पथकं परत गेल्यानंतरची.

सोमवार, आरिकेमिसच्या वाटेवर

बीआर-364 हा रोन्दोनियाचा कणा. कान्दिदो रोन्दोन या लष्करी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच पट्ट्यातून तारायंत्राची लाइन टाकली. त्याने सैनिकांना घातलेला दंडक प्रसिद्ध आहे: वेळ आली तर मरा, पण मारू नका. 1910 मध्ये निघालेल्या आदिवासी संरक्षण खात्याचा तो पहिला प्रमुख, आणि राज्याला नावही त्याचंच. त्याच्या तारांच्या मागोमाग रस्ता आला. 1984 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून त्यावर डांबर पडलं आणि दक्षिणेकडून आधीच येणारा माणसांचा लोंढा आणखी वाढला. लष्करी राजवटीची घोषणा होती, 'माणसांविना पडलेली जमीन, जमिनीविना पडलेल्या माणसांना'. त्या जमिनीवर माणसं होती. ती मोजलीच नव्हती.

मुख्य रस्त्याला काटकोनात दर काही किलोमीटरवर एक कच्चा रस्ता फुटतो. त्याला इथं 'लिन्या' म्हणतात. दोन्ही बाजूंना वसाहतवाल्यांचे लांबट भूखंड. उपग्रहचित्रात माशाच्या काट्यासारखी दिसणारी जंगलतोड ती हीच. गाडीतून काटा दिसत नाही. दिसतं ते कुरण, पुन्हा कुरण, तारेचं कुंपण, मग आणखी कुरण.

आणि गुरं. मी गाडी थांबवायला लावली. पांढरीशुभ्र, वशिंडाची, लोंबत्या पोळीची. एक गाय कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिचे डोळे काजळ घातल्यासारखे काळे. आमच्या बैलबाजारात उभी केली तर कुणी परकी म्हणणार नाही. जात नेलोरे, म्हणजे आंध्रची ओंगोल. नेल्लोरकडून आली म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकात आणि पुन्हा 1960 च्या दशकात ती जहाजांतून ब्राझीलला आणली. उष्णता, गोचीड, निकृष्ट गवत सगळं सोसणारी जात. ॲमेझॉन तोडून केलेल्या कुरणावर युरोपची गाय टिकली नसती, ही टिकली. रोन्दोनियात आज पावणेदोन कोटींच्या आसपास गुरं आहेत आणि 2022 च्या जनगणनेत माणसं सोळा लाखसुद्धा नव्हती. आपल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं निवडून-निवडून घडवलेलं जनावर इथं जंगलाच्या मुळावर आलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या जनावराचा काय दोष!

त्याच कुरणात मधोमध एक झाड उभं होतं. सरळसोट खोड, पन्नास मीटरांच्या आसपास उंची, थेट शेंड्यालाच फांद्यांचा घुमट. ही कास्तान्येइरा, आपल्याकडे सुकामेव्याच्या दुकानात ब्राझील नट म्हणून मिळतात त्या बियांचं झाड. ते तोडायला कायद्याने बंदी आहे, म्हणून सगळं जंगल जाळताना हे एक सोडलेलं. जवळ गेलो. खोडाची एक बाजू माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत काळी पडलेली, साल सुटलेली. बुंध्याशी नारळाएवढं एक फळ पडलं होतं, वाळून लाकूड झालेलं, जुनं. मी उचलून कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकायला सांगितलं, तरी फुटेना. जंगलात हे कवच अगूती नावाचा उंदराच्या कुळातला प्राणी कुरतडून फोडतो, काही बिया खातो, काही पुरतो, आणि विसरलेल्या बियांची झाडं होतात. फुलांत परागकण न्यायला अंगाने मोठ्या, ताकदीच्या रानमाश्या लागतात, कारण फूल वरून झाकलेलं असतं. माश्यांना जंगल लागतं, अगूतीलाही. कुरणातलं झाड उभं राहतं, पण फळ जवळजवळ धरत नाही आणि त्याखाली रोपही उगवत नाही. दरवर्षीच्या वणव्यात बुंधा थोडा-थोडा जळतो आणि एक दिवस ते वाऱ्याने पडतं. कायदा पाळला गेला, असं कागदावर राहतं.

रात्री आरिकेमिस. तांबाकी मासा निखाऱ्यावर भाजलेला, सोबत कसाव्याचं भरड पीठ. नाक इतकं चोंदलं होतं की चव कळली नाही.

मंगळवार, जारू आणि तारिलांदिया

आज ऊरू-एऊ-वाऊ-वाऊ प्रदेशाच्या कडेपर्यंत गेलो. आत गेलो नाही. त्यासाठी फुनाई या आदिवासी व्यवहार खात्याची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. आत जुपाऊ, आमोंदावा अशा समाजांच्या वस्त्या आहेत, आणि बाहेरच्यांशी अजिबात संबंध न ठेवणारे गटही. त्यांना साधा सर्दी-खोकलासुद्धा जीवघेणा ठरतो.

हा प्रदेश 18 लाख 67 हजार हेक्टरांचा, 1991 मध्ये कायम झालेला. राज्यातल्या बऱ्याच मोठ्या नद्यांचे उगम इथल्या डोंगरांत आहेत. जामारी त्यातलीच, तिच्यावर वीजनिर्मितीचं धरण आहे. म्हणजे कुरणवाल्याच्या घरातला दिवाही या जंगलावर जळतो. फुनाईने 1981 मध्ये संपर्क साधला, पण त्याच काळात सरकारच्याच दुसऱ्या खात्याने, जमीनवाटप करणाऱ्या इन्क्राने, आदिवासींच्या हद्दीत शंभराहून जास्त भूखंडांचे कागद वसाहतवाल्यांना देऊन टाकले. त्या भागाला बुरारेइरो म्हणतात आणि तो घोळ अजून निस्तरलेला नाही.

तारिलांदिया हे जारूजवळचं छोटं गाव. 18 एप्रिल 2020 च्या सकाळी आरी ऊरू-एऊ-वाऊ-वाऊ इथं रस्त्याकडेला मृतावस्थेत सापडला. डोक्यावर, मानेवर घाव. तो शिक्षक होता, आणि घुसखोरीची नोंद ठेवणाऱ्या गस्तीपथकातही. जगभर कोविडची टाळेबंदी होती, ब्राझीलमध्ये आदिवासींच्या जमिनींवर डोळा ठेवणारं राजकारण सत्तेत होतं. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत रोन्दोनियातल्याच 24 वर्षांच्या त्चाय सुरुई या आदिवासी तरुणीने राष्ट्रप्रमुखांसमोर आरीचं नाव घेतलं. तो तिचा लहानपणापासूनचा मित्र. एप्रिल 2024 मध्ये जारूच्या न्यायालयाने एका माणसाला 18 वर्षांची शिक्षा दिली.

गस्तीपथकातला एक तरुण जारूला कामासाठी आला होता, तो भेटला. रस पिता पिता त्याने फोनवर ड्रोनचं चित्र दाखवलं. सगळीकडे हिरवं, मध्ये तपकिरी आयत. तो मोठा करत गेला. आयताच्या एका कोपऱ्यात निळं ताडपत्रीचं छप्पर, शेजारी मोटारसायकल, दोरीवर वाळत घातलेला शर्ट. आधी खालची झाडोरी कोयत्याने काढतात. मग आरायंत्राने मोठी झाडं पाडतात आणि सगळं दोन-तीन महिने वाळू देतात. ऑगस्टात पेटवतात. राखेत आफ्रिकन ब्राकिआरिया गवताचं बी फेकतात. पहिल्या पावसात गवत येतं, गवतावर पन्नास गुरं येतात. "मग ते म्हणतात, हे शेत आहे," तो म्हणाला. "पोलीस येतात तेव्हा छपराखाली मजूर असतो. ज्याने पैसे लावले तो शहरात असतो. मजुराला पकडतात, छप्पर जाळतात. पुढच्या महिन्यात दुसरी ताडपत्री."

मी गुरांबद्दल विचारलं. ती बाजारात कशी जातात? बाहेरच्यांनी आदिवासी प्रदेशात गुरं पाळणं बेकायदा आहे, आणि वाहतुकीला परवाना लागतो. तो हसला. वासरं आत वाढतात. मग बाहेरच्या एखाद्या स्वच्छ कागदांच्या शेतावर ती 'जन्मली' असं दाखवतात. तिथून कत्तलखान्यात. कत्तलखाना फक्त शेवटच्या शेताचे कागद बघतो, त्यामुळे त्याचाही हात वर.

दुपारी हद्दीच्या पाटीपर्यंत गेलो. 'संरक्षित भूमी, प्रवेश निषिद्ध' असा मजकूर, त्यावर सरकारी मुद्रा आणि बंदुकीच्या गोळ्यांची भोकं. एक भोक नेमकं 'संरक्षित' या अक्षरांतून आरपार. अलीकडे कुरण, पलीकडे जंगल, आणि मधली रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी. तापमानातला फरक अंगाला कळतो. कुरणात उभं राहवत नव्हतं आणि झाडांच्या बाजूने येणारी हवा थंड होती. ब्राझीलभरचा उपग्रह अभ्यास सांगतो की 1990 पासूनच्या तीस वर्षांत खासगी जमिनींवरची सुमारे 20 टक्के नैसर्गिक वनश्री गेली आणि आदिवासी प्रदेशांतली जेमतेम 1 टक्का. ते टक्के मला त्या दुपारी कातडीवर जाणवले.

परतताना मैत्रिणीने रिएली फ्रान्सिस्कातोची गोष्ट सांगितली. संपर्क नको असलेल्या गटांना संपर्कापासून वाचवणं हेच फुनाईत त्याचं काम होतं. सप्टेंबर 2020 मध्ये सेरिंगेइरास गावाजवळ असा एक गट वस्तीलगत दिसला. गावकऱ्यांकडून काही आगळीक होऊ नये म्हणून तो धावला, आणि जंगलातून आलेला बाण त्याच्या छातीत घुसला. तो त्यांच्या बाजूचा आहे हे त्यांना कळणार कसं? त्यांच्या अनुभवात कपडे घातलेला माणूस म्हणजे एकच अर्थ. मैत्रीण हे सांगताना रडत होती. तिने त्याला एकदा शाळेत बोलताना ऐकलं होतं.

बुधवार, मैत्रिणीच्या घरी

तिचे वडील सत्तरी ओलांडलेले. मी काका म्हटलं, त्यांना अर्थ सांगितला, ते खूश झाले. पारानात ते दुसऱ्याच्या शेतात वाट्याने करत. कॉफीवर हिमाचा फटका बसला, मग यंत्रं आली, सोयाबीन आलं, आणि लहान शेतकऱ्याचं काम संपलं. टीव्हीवर रोन्दोनियाची जाहिरात लागायची. इन्क्राने भूखंड दिला, पण अट होती: जमीन 'उपयोगात' आणल्याचं दाखवा. उपयोगात म्हणजे झाडं तोडलेली. "जेवढं तोडू तेवढं आमचं पक्कं," काका म्हणाले. पहिल्या दोन वर्षांत घरातल्या सगळ्यांना मलेरिया झाला, एक मुलगी गेली. आपल्याकडे कूळकायद्याच्या वेळी 'कसेल त्याची जमीन' होतं. इथं 'तोडेल त्याची जमीन' झालं, आणि सरकारनेच केलं.

मला काकांचा राग आला नाही. राग येतो तो त्यांच्या नावाआड लपणाऱ्यांचा. आज आदिवासी प्रदेशात घुसणारा प्रत्येकजण 'गरीब शेतकरी' म्हणून उभा राहतो. पण शंभर हेक्टर जंगल पाडायला आरायंत्रं, डिझेल, मजुरी, बी, कुंपण आणि गुरं लागतात. एवढे पैसे भूमिहीनाकडे कुठले? काका स्वतःच म्हणाले, "आमच्या वेळी पोटासाठी होतं. आता धंदा आहे. जंगल स्वस्तात धरायचं, कुरण करून महागात विकायचं. गुरं नुसती राखण करायला असतात."

जेवताना बातमी आली. ब्राझीलमधल्या आदिवासी संघटनांच्या महासंघाने सर्वोच्च न्यायालयातल्या समेटाच्या बैठकांमधून अंग काढून घेतलं होतं. हा वाद 'मार्को तेम्पोराल'चा. 5 ऑक्टोबर 1988 ला, म्हणजे संविधान लागू झालं त्या दिवशी, जी जमीन आदिवासींच्या प्रत्यक्ष ताब्यात होती किंवा जिच्यासाठी ते भांडत होते, तेवढीच त्यांची, असं जमीनदारांच्या गटाचं म्हणणं. त्याआधी बंदुकीच्या धाकाने हाकललेल्यांनी काय करायचं? सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट 9 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून तीच अट कायद्यात घातली. न्यायालयाने मग दोन्ही पक्षांना समेटाला बसवलं. आपल्या मूळ हक्कावर घासाघीस करायला आम्ही बसणार नाही, असं म्हणत संघटना उठून गेल्या.

मी टेबलावर कागद घेऊन तारखा लिहिल्या. आदिवासींसाठी 1988 ला तारीख गोठवायची. सरकारी जंगल बळकावणाऱ्यांचं काय? 2009 च्या कायद्याने 2004 पर्यंतचे ताबे नियमित करायची वाट मोकळी केली. 2017 मध्ये ती मुदत 2008 पर्यंत सरकवली. 2019 च्या अखेरीस वटहुकुमाने ती आणखी पुढे ढकलायचा घाट घातला, तो संसदेत मुदतीत मंजूर न झाल्यामुळे बारगळला. 2012 च्या वनकायद्याने जुलै 2008 पूर्वीच्या बेकायदा तोडीलाही मोठी माफी दिली. राज्यांची तीच तऱ्हा. 2021 च्या मे महिन्यात रोन्दोनियाने कायदा करून जासी-पारना राखीव वन आणि ग्वाजारा-मिरीं उद्यान यांतून 2 लाखांहून जास्त हेक्टर काढून टाकले. राज्याच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर जासी-पारनात गुरं भरली होती. ग्वाजारा-मिरीं उद्यान तर आमच्या प्रवासात जळत होतं.

हे माफीचे कायदे कायम झालेल्या आदिवासी प्रदेशांना लागू नाहीत, हे खरं. पण हद्दीवर बसलेल्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते: आज तोड, उद्या तारीख सरकेल. आपल्याकडे अतिक्रमणं नियमित व्हायची वाट बघणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. मी कागद काकांपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, 2008 खाली नखाने रेघ ओढली आणि म्हणाले, "आमच्या आमदाराने गेल्या निवडणुकीत सांगितलंय, ही पण पुढे जाईल."

गुरुवार, काकोआल

दिवसभर प्रवास. जी-पारनाला पेट्रोल, पाव-चीज, पुन्हा धूर. काकोआल ही रोन्दोनियाची कॉफीची पेठ.

शुक्रवार, पाइतेर सुरुईंच्या गावात

काकोआलपासून कच्च्या लिन्येने आत गेलं की पाइतेर सुरुई या आदिवासी समाजाचा सेते दे सेतेम्ब्रो प्रदेश लागतो, सुमारे 2 लाख 48 हजार हेक्टर. नावाचा अर्थ 7 सप्टेंबर. 1969 मध्ये त्या दिवशी फुनाईच्या तुकडीशी पहिली अधिकृत भेट झाली. ब्राझीलचा स्वातंत्र्यदिनही तोच. त्यानंतरच्या काही वर्षांत गोवर आणि क्षयाने पाइतेर तीनशेच्या आसपास उरले. आज ते हजाराच्या बरेच पुढे आहेत. पाहुण्यांना बोलावणारी त्यांची गावं आहेत, रीतसर ठरवून आम्ही एका गावी गेलो.

शेवटच्या कुरणाची तार संपते तिथंच जंगल सुरू होतं. रस्ता एकदम सावलीत शिरला आणि आठवड्यात पहिल्यांदा धुराऐवजी मातीचा वास आला.

यजमानीण साठीच्या पुढची, तिला सगळे आजी म्हणत होते, मीही म्हटलं. तिने अंगणात वाळत घातलेली कॉफी दाखवली. लाल फळं जाळीच्या खाटांवर पसरलेली, नात हाताने उलटीपालटी करत होती, हिरवं दिसलं की वेचून बाजूला. फळ दाबलं तर आतून गोड चिकट गर निघतो, मी चाखला, लिचीच्या जवळ जाणारी चव. ही रोबस्टा. झाडं त्यांनी लावलेली नव्हती. 1970 च्या दशकात वसाहतवाले आत घुसून राहिले होते, त्यांनी लावली. पाइतेरांनी लढून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा मळे मागे राहिले. काहींना ते उपटून टाकायचे होते, घुसखोरांचं झाड म्हणून. काहींनी ठेवले. आता तीच कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत होते, चांगल्या भावाने विकली जाते, आणि नव्या मळ्यासाठी जंगल तोडायचं नाही असा त्यांचा ठराव आहे.

सगळं गोड आहे असं नाही, आणि त्यांनीही तसं दाखवलं नाही. 1980 च्या दशकात त्यांच्यातल्याच काही पुढाऱ्यांनी लाकूडवाल्यांना झाडं विकली. औषधाला पैसे नव्हते आणि सरकार फिरकत नव्हतं. प्रमुख आल्मीर सुरुईंनी 2007 मध्ये गूगलच्या मदतीने प्रदेशाचं नकाशीकरण सुरू केलं. मग जंगल राखल्याचे कार्बन क्रेडिट विकायचा प्रकल्प आला, आदिवासींनी स्वतः चालवलेला या प्रकारचा पहिलाच. 2013 मध्ये विक्रीही झाली. पण हिऱ्यांच्या बेकायदा खाणी घुसल्या, तोड वाढली, समाजात फूट पडली आणि 2018 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. "बाहेरचे पैसे दोन्हीकडून आले," आजींचा मुलगा म्हणाला. "राखायलाही आणि खणायलाही. खणायचे पैसे लवकर मिळत होते."

2004 मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये एका वर्षात 27,772 चौरस किलोमीटर जंगल गेलं होतं. उपग्रहाची रोजची देखरेख, दंड, कर्जबंदी आणि तोडलेल्या जंगलातलं सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा 2006 चा करार यांमुळे 2012 मध्ये ते 4,571 वर आलं. 2021 मध्ये पुन्हा 13,038. (2024 चा आकडा या भेटीनंतर आला, 6,288.) 2021 पर्यंतचे हे आकडे आजींच्या मुलाने मला तोंडपाठ सांगितले आणि म्हणाला, बघा, ठरवलं तर उतरतो. यात निसर्गाचं किंवा नशिबाचं काही नाही.

त्यांच्या मागण्याही त्याने अशाच सरळ सांगितल्या. आदिवासी प्रदेशावरचा प्रत्येक कार दाखला अर्ज भरतानाच संगणकाने नाकारावा, नकाशे सरकारकडे आहेतच. जनावराच्या कानात जन्मापासून बिल्ला असावा, म्हणजे वासरू कुठलं हे लपणार नाही. वाहतुकीच्या परवान्यांची माहिती सगळ्यांना बघता यावी. जप्त गुरं लिलावात पुन्हा त्याच टोळीने घेऊ नयेत. आणि गस्त घालणाऱ्या पोरांना पगार, विमा, डिझेल.

तो बोलत असतानाच कुणीतरी धावत आलं. पूर्वेच्या हद्दीवर कुरणातली आग तार ओलांडून झाडांत शिरली होती. पाचेक मिनिटांत पोरं गोळा झाली: पाठीवर पाण्याच्या पिशव्या, पाला सारायचे ब्लोअर, आग झोडपायला रबरी पट्ट्यांचे दांडे. एक जुना पिकअप सुरू होईना, तो ढकलत रस्त्यावर नेला. आजींनी थर्मासभर कॉफी आणि पिठाची पिशवी आत टाकली. आमची गाडी चार चाकं ओढणारी होती. मैत्रिणीने काही न विचारता चावी यजमानांच्या मुलाला दिली आणि दोन्ही ब्लोअर मागे चढवले. आम्ही संध्याकाळी गावच्या दूध-भाजी नेणाऱ्या ट्रकने काकोआलला परतलो. रात्री दहाला निरोप आला: चार हेक्टर जळालं, आग आटोक्यात, गाडीचं एक चाक पंक्चर, सकाळी आणून देतो.